एकशे चौसष्ट पावलं

मंगळवार, ९ एप्रिल २०२४. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

श्रीमती गुनवोर ओकरब्लूम यांस,

तुमची चिठ्ठी मिळाली तेव्हा मी लिंडगाटान रस्त्यावरच्या बेकरीसमोर आडवी पडलेली एक भाड्याची स्कूटर उभी करत होतो. चिठ्ठी पावाच्या पिशवीच्या तारेनं हँडलला बांधलेली होती. ती इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचली आहे अशी तुमची खात्री होईल.

"ही यंत्रं फुटपाथवर टाकून जाणाऱ्यास. तक्रार फोनमधूनच करा, असं तुमची कंपनी म्हणते. ज्याला फोन दिसतो त्याला ही यंत्रंही दिसतात. मला दोन्ही दिसत नाहीत. लाज बाळगा. गुनवोर ओकरब्लूम, लिंडगाटान ४, दुसरा मजला."

मी कंपनी नाही. कंपनीनं हे काम एका ठेकेदाराला दिलं आहे आणि त्याच्याकडे आम्ही सहाजण आणि दोन व्हॅन आहोत. लोक या विजेच्या स्कूटरवर उभ्यानं फिरतात, वाटेल तिथे उतरतात आणि स्कूटर तिथेच सोडून जातात. नगरपालिकेनं फुटपाथवर पांढऱ्या चौकटी आखून दिल्या आहेत, त्यांच्या बाहेर स्कूटर उभी करायला मनाई आहे. बाहेरच्या उचलून आत लावायच्या आणि फोटो काढायचा, हे माझं काम. फोटो नसेल तर काम झालं असं धरत नाहीत.

तुमची तक्रार मी माझ्या फोनवरून नोंदवली आहे. तरीही उत्तर येईलच असं सांगता येत नाही, म्हणून मीच उत्तर देतो आहे. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागतो. पत्र बेकरीतल्या ओसाबाईंकडे ठेवतो. त्या वाचून दाखवते म्हणाल्या.

मी शाळा अर्ध्यात सोडली आहे, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्या. शब्द मात्र सगळे तपासले आहेत.

आपला,
मेल्कर हेडस्ट्रॉम


शुक्रवार, १२ एप्रिल

मेल्कर हेडस्ट्रॉम,

आमच्या इमारतीत धुण्याची खोली सगळ्यांची मिळून एक आहे. तिथे मी चाळीस वर्षं चिठ्ठ्या लावते आहे. "ड्रायरची जाळी साफ न करणाऱ्यानं स्वतःला माणूस म्हणवू नये" वगैरे. चाळीस वर्षांत एकानंही उत्तर दिलेलं नाही. जिन्यात भेटले की सगळे हसून "कशा आहात?" विचारतात आणि जाळी तशीच. तू पहिला. मला जरा बसावं लागलं.

अक्षर मोठं आहे कारण मला बघताना मधलं काही दिसत नाही, फक्त कडा दिसतात. तुझ्याकडे पाहिलं तर तुझे कान दिसतील, तू दिसणार नाहीस.

आता ऐक. माझ्या दारापासून बेकरीपर्यंत एकशे चौसष्ट पावलं आहेत. फुटपाथवर उठावाच्या रेघांच्या फरश्यांची एक पट्टी आहे, तिच्यावर काठी टेकवत मी जाते. एकटी. रोज. गेल्या हिवाळ्यात दोनदा पडले, तेव्हा नगरपालिकेची वृद्धांची कामं बघणारी बाई घरी आली, माझी कॉफी प्यायली आणि म्हणाली, "गुनवोर, आणखी एकदा पडलात तर आपण वृद्धनिवासाचं बघू हं." आपण म्हणे! ती थोडीच जाणार आहे.

म्हणजे तुझी स्कूटर माझ्या वाटेत आली की माझं घर जातं. एवढंच प्रकरण आहे.

गुनवोर

ता. क. "श्रीमती" लिहू नकोस. शेवटचं मला तसं दंतवैद्यानं म्हटलं होतं, आणि मग दात काढला.


सोमवार, १५ एप्रिल. दुपारी २ वाजता, व्हॅनमध्ये बसून.

गुनवोरआजी,

आज सकाळी मी तुमची वाट मोजपट्टीनं मोजली. रेघांची पट्टी भिंतीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर सुरू होते आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, तिला लागूनच, दहा नंबरच्या घरासमोर गटाराचं गोल लोखंडी झाकण आहे. नकाशा काढून वहीत चिकटवला आहे.

मी रोज ६ वाजून ४० मिनिटांच्या आसपास लिंडगाटानवर असतो. आजपासून पट्टीवर एकही चाक राहणार नाही. स्कूटर लावताना मी सगळ्यांची हँडलं डावीकडे वळवतो. सरळ ठेवली तर टोकं बाहेर येतात आणि जाणाऱ्याच्या कोटाला अडकतात. बाकीचे तसं करत नाहीत. आमचा मुकादम कॉनी मला म्हणतो, "पोरींच्या वेण्या घालतोस काय रे? उचल, टाक, फोटो काढ!"

एक गोष्ट सांगायला हवी. नगरपालिका पुढच्या वर्षाचे परवाने जूनमध्ये ठरवणार आहे. ज्या कंपनीच्या तक्रारी जास्त, तिच्या स्कूटर कमी करणार. स्कूटर कमी झाल्या तर आमच्यातले दोघे कमी होतील. मी सगळ्यांत नवीन आहे. तुम्ही तक्रार करू नका असं मी म्हणत नाही. फक्त माहिती असावी म्हणून लिहिलं.

मेल्कर


सोमवार, २२ एप्रिल

मेल्कर,

सात दिवसांत एकदाही कशाला अडखळले नाही. काल तर मी काठी जरा जोरातच आपटत गेले, मिरवणुकीत असल्यासारखी.

मला आजी म्हणू नकोस. मला मुलं नाहीत, मग नातू कुठून उगवला? गुनवोर म्हण. सगळं जग म्हणतं.

ओसाला सांगून ठेवलं आहे, उद्यापासून तुझ्यासाठी रोज एक वेलदोड्याचा बन माझ्या खात्यावर. नको म्हणू नकोस. उत्तरेकडची माणसं तीनदा नको म्हणतात आणि मग उपाशी झोपतात. तू सोलेफ्तेओचा आहेस, ओसानं सांगितलं. तिला सगळं कळतं.

तुमच्या कंपनीविरुद्ध मी तक्रार करणारच होते. तूर्त थांबले आहे. तुझ्यासाठी नव्हे. माझी वाट मोकळी आहे म्हणून.

गुनवोर


सोमवार, ६ मे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटं.

गुनवोर,

शुक्रवारपासून मला सुट्टी होती. आज ओसाबाईंना विचारलं, "गुनवोर दिसल्या नाहीत?" त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तुला कळलं नाही होय रे? गुरुवारी पडल्या. दहा नंबरसमोर. स्कूटरींवर. रुग्णवाहिका आली होती."

त्या म्हणाल्या, "बस, पाणी पी, पांढरा पडलास." इस्पितळाचा पत्ता त्यांनीच दिला.

फार लागलं आहे का? काही आणून देऊ का? वॉल्बोरीच्या, म्हणजे ३० एप्रिलच्या, रात्री सगळं शहर शेकोट्यांभोवती पितं आणि मग स्कूटर कुठेही सापडतात. नदीतसुद्धा. कुणाच्या तरी हातून झालं असेल. फार वाईट झालं.

मेल्कर


शनिवार, ११ मे. इस्पितळ, वॉर्ड ३१

मेल्कर,

उजवं मनगट मोडलं आहे आणि कमरेच्या हाडाला चीर गेली आहे, म्हणून हे पत्र सेनाइत लिहिते आहे. ती इथे वॉर्डात काम करते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे असं ती स्वतःच म्हणते. (मी असं म्हटलेलं नाही. सेनाइत.)

गुरुवार, २ मे, सकाळचे दहा. मी नव्वद पावलं मोजली होती. एक्क्याण्णवाव्याला काठी कशाला तरी लागली आणि मी गेले. चार होत्या. खाली पडल्या पडल्या हातानं चाचपलं. दारुड्यांनी टाकलेल्या स्कूटर मला ओळखता येतात, त्या एकमेकींवर पडलेल्या असतात, लग्नानंतरच्या पाहुण्यांसारख्या. या सरळ रांगेत उभ्या होत्या. रेघांच्या पट्टीवर, वाट अडवून. शुद्धीत असलेल्या माणसानं लावलेल्या.

कंपनीनं काय केलं? फोटो पाठवला. त्या दिवशी सकाळचा, चार स्कूटर, नकाशातल्या परवानगीच्या चौकटीत. म्हणजे वाटेत काही नव्हतं, म्हातारी आपल्या आपण पडली. नगरपालिकेच्या बाईनं तसंच लिहून घेतलं: बाहेरचा अडथळा नसताना तोल गेला. वृद्धनिवासात २० जूनला खोली रिकामी होते आहे. तिनं मला तिथल्या पडद्यांचा रंगही सांगितला. (बेज. सेनाइत.)

२९ मेला परवान्यांची सुनावणी आहे, वाचनालयाच्या सभागृहात. मला बोलायला बोलावलंय. पण त्यांच्याकडे फोटो आहे आणि माझ्याकडे मोडकं मनगट.

तू ती वाट मोजली आहेस. एकच विचारते, खरं सांग. माझी मोजणी चुकली का? मी पट्टी सोडून भलतीकडे गेले का? तसं असेल तर मी जाईन त्या बेज पडद्यांत, कुरकुर न करता. पण मला कळलं पाहिजे.

गुनवोर


मंगळवार, १४ मे. रात्री.

गुनवोर,

पत्र मिळालं. तुमचं मनगट लवकर बरं व्हावं. सोबत जाड निबाची तीन काळी पेनं पाठवत आहे, डाव्या हातानंही धरता येतील. इथे लिलाक फुलायला लागला आहे. कामावर सध्या खूप गडबड आहे. तुम्ही विचारलेल्याबद्दल मी नीट बघून लिहितो.

मेल्कर


शुक्रवार, २४ मे. पहाटे ४ वाजून १० मिनिटं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी.

गुनवोर,

तुमची मोजणी चुकली नाही. त्या चार स्कूटर मी लावल्या.

हे मला ६ तारखेलाच माहीत होतं. ओसाबाई "दहा नंबरसमोर" म्हणाल्या तेव्हाच. तरी मी तुम्हाला "कुणाच्या तरी हातून" असं लिहिलं. ते वाक्य मी चार वेळा तपासलं होतं.

आता क्रमानं लिहितो. २ मेला सकाळी माझ्या यादीत एकसष्ट स्कूटर होत्या. एरवी तीसएक असतात. स्कूटर लावताना फोनवर नकाशा दिसतो आणि त्यात परवानगीची जागा हिरवी असते. हिरव्यात उभी केली तरच फोटो घेतला जातो. दहा नंबरसमोर पांढरी चौकट कडेच्या दगडाला लागून आहे. त्या दिवशी फोनमधली हिरवी चौकट तिच्यावर नव्हती. भिंतीकडे सरकलेली होती. उंच घरांच्या मधे असं कधी कधी होतं.

रस्त्यावर अजून हिवाळ्यातली खडी होती. बर्फावर टाकलेली बारीक खडी आपल्याकडे एप्रिलमध्ये झाडून नेतात, लिंडगाटानची राहिली होती. पांढरा रंगही तिच्याखाली होता आणि रेघाही. मी पायानं एकदा खडी बाजूला केली असती तर रेघा दिसल्या असत्या.

पण मला दिसण्याची गरजच नव्हती. मी मोजल्या होत्या. वही खिशात होती. पांढऱ्या चौकटीच्या जागी मी पहिली स्कूटर लावली, तेव्हा फोननं फोटो नाकारला. मी थांबलो. मग चारही हिरव्यात नेल्या. फोटो घेतला गेला. ६ वाजून २५ मिनिटं झाली होती. मनात आलं, परत येताना सरकवीन. परत यायला झालं नाही. मग बेकरीत जाऊन तुमच्या खात्यावरचा बन खाल्ला.

परवा कॉनीला सांगितलं. तो व्हॅनचं दार लावून आत बसला.

"तू हे कुणाला बोललास?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस. फोटो हिरव्यात आहे. हिरव्यात म्हणजे बरोबर. चूक नकाशाची, आणि नकाशा तुझ्या बापाचा नाही."

"पण त्या पट्टीवर होत्या, कॉनी."

"मेल्कर, माझ्याकडे सहा माणसं आहेत. त्यांच्या घरी पोरं आहेत. तुझ्या घरी काय आहे? मोजपट्टी!"

तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच भीती वाटते आहे.

सोबत वहीतल्या नकाशाची नक्कल आहे. कंपनीचा फोटो मोठा करून बघितला तर गटाराचं गोल झाकण दिसतं. स्कूटरींची पुढची चाकं झाकणाच्या भिंतीकडच्या अंगाला, अगदी त्याला लागून आहेत. तिथे रेघांची पट्टीच आहे. म्हणजे त्यांचाच फोटो तुमच्या बाजूचा आहे, फक्त वाचता यायला हवा. २९ तारखेला मी येईन आणि हे सांगेन.

तुम्ही विचारल्यावर मी दहा दिवस गप्प राहिलो. त्याचं कारण नोकरी एवढंच आहे. दुसरं चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मेल्कर


सोमवार, २७ मे

मेल्कर,

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे. सेनाइतला हे ऐकवायचं नाही.

मला माहीत होतं. त्याच दिवसापासून. पडल्यावर मी चाचपलं असं तुला लिहिलं, काय हाताला लागलं ते लिहिलं नाही. चारही हँडलं डावीकडे वळलेली होती.

तुला विचारलं ते माझी मोजणी तपासायला नव्हे. तू काय सांगतोस ते ऐकायला. आणि तू मला लिलाक फुलल्याचं कळवलंस!

स्कूटर चुकीच्या जागी लावलीस, ते मी रुग्णवाहिकेतच सोडून दिलं होतं. एकसष्ट स्कूटर, खडी, खोटा नकाशा, कुणाचाही पाय घसरेल. ते दहा दिवस मात्र मी सोडलेले नाहीत. रोज दुपारी टपाल आलं की सेनाइत दारातूनच मान हलवायची, आणि ती मान मला दिसायची नाही, म्हणून मग "नाही" म्हणायची.

सुनावणीला येऊ नकोस. नकाशा आला आहे, मीच सेनाइतकडून तो त्यांच्यापुढे ठेववीन. कुणी काढला ते सांगणार नाही. तुझी नोकरी राहील. तू बावीस वर्षांचा आहेस. मी तुझ्यावर रागावले आहे, पण तुला उपाशी ठेवण्याइतकी नाही.

गुनवोर


गुरुवार, १३ जून. सकाळी ९ वाजता.

गुनवोर,

सभागृहात तुम्ही पुढे होतात आणि मी मागच्या रांगेत, आणि नंतर तुम्हाला लगेच इस्पितळात परत नेलं. ओसाबाई म्हणतात, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही, लिहीत काय बसता?" पण तुम्हाला माझे फक्त कानच दिसले असते. म्हणून तुमच्या मागे काय चाललं होतं ते लिहितो.

तुम्ही नकाशा पुढे केलात तेव्हा कंपनीचा माणूस हसला. निळा कोट, अगदी सभ्य. म्हणाला, "हे रेखाटन कुणी केलं, कधी केलं, आम्हाला ठाऊक नाही. शाळेतल्या मुलाचंही असेल. आमच्याकडे वेळेसह फोटो आहे." समितीच्या अध्यक्षबाईंनी तुम्हाला विचारलं, "रेखाटन कुणाचं, गुनवोर?" आणि तुम्ही म्हणालात, "ते मी सांगणार नाही. पण त्याच्यापेक्षा नीट माणूस या खोलीत नाही."

मला वाटतं तुम्ही ते त्या दहा दिवसांसकट म्हणालात. म्हणून मी उठलो. येऊ नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, तरी.

मी म्हणालो, "फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात एक बूट दिसतो. तो माझा आहे."

सगळे वळले. निळा कोट म्हणाला, "तुम्ही कोण?"

"बूटवाला," मागून कुणीतरी बोललं आणि लोक हसले. त्या हसण्यानं मला उलट बरं वाटलं. मग मी मोजपट्टी काढून सभागृहाच्या जमिनीवर भिंत, पट्टी आणि झाकण दाखवलं. १ मीटर ४०, ३० सेंटिमीटर, मग झाकण. झाकणाच्या जागी अध्यक्षबाईंनी आपली कॉफीची बशी दिली. बाकीचं तुम्ही ऐकलंच आहे.

काल निर्णय आला. ओसाबाई तुम्हाला वाचून दाखवतील, पण मुख्य एवढं आहे. फोनमधली चौकट यापुढे धरली जाणार नाही, जमिनीवर रंगवलेलीच धरणार. रेघांच्या पट्ट्या असलेल्या रस्त्यांवर चौकटी फुटपाथवरून काढून खाली रस्त्यावर नेणार. तक्रारीसाठी एक साधा दूरध्वनी, जो माणूस उचलेल. कंपनीच्या स्कूटर एक तृतीयांश कमी. आणि तुमच्या कागदावर "बाहेरचा अडथळा नसताना" खोडून "चुकीच्या जागी लावलेल्या स्कूटरींमुळे" असं केलं आहे. तो कागद मी स्वतः वाचला. बेज पडद्यांची खोली दुसऱ्या कुणाला तरी दिली.

दहा नंबरसमोर काल सकाळी रंग मारला. एका मोटारीची जागा गेली. संध्याकाळपर्यंत खांबावर चिठ्ठी लागली होती: "माझी पार्किंगची जागा चोरणाऱ्यानं लाज बाळगावी." खाली नाव नाही. तुम्ही निदान नाव लिहिता.

कॉनीचा फोन आला होता. "तुला काढलेलं नाही हं," तो म्हणाला, "फक्त पाळीच्या तक्त्यात तुझं नाव लिहीत नाही." मग म्हणाला, "मोजपट्टी कुठून घेतलीस रे? चांगली दिसते." बहुतेक त्याला माफी मागायची होती. नगरपालिकेला चौकटी तपासायला उन्हाळ्यापुरती माणसं हवी आहेत. अर्ज केला आहे. शाळा किती झाली या रकान्यात खरं लिहिलं. उत्तर नाही.

सेनाइत म्हणाली, तुम्ही सोमवारी घरी येता आणि आता चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन चालाल, पावलं लहान पडतील. म्हणजे एकशे चौसष्ट राहणार नाहीत. नवीन आकडा किती ते चालल्याशिवाय कळणार नाही. सोमवारी साडेनऊला मी दाराशी असेन. तुम्ही मोजा, मी मागून येतो. बोलायचं नसेल तर बोलू नका.

आजपर्यंतचा हिशेब असा.

खर्च: मोजपट्टी ८९ क्रोना. काळी पेनं तीन, ७५. टपालाची तिकिटं चार, ७२. एकूण २३६ क्रोना.

येणं: ठेकेदाराकडून मे महिन्यातल्या नऊ दिवसांचे पैसे. अजून आलेले नाहीत.

देणं: वेलदोड्याचे बन सात, प्रत्येकी ३४, एकूण २३८ क्रोना, गुनवोर ओकरब्लूम यांना. सातवा बन २ मेचा आहे, त्यानंतर घेतला नाही.

देणं: दहा दिवस, त्यांनाच. त्यांच्यापुढे आकडा लिहिलेला नाही.

मेल्कर